देखभालीच्या करारात सुरक्षेचे कलम घाला: गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

मी फोंड्याला राहतो. कार्यालये, शाळा, हॉटेले यांच्या नेटवर्कची देखभाल करणे हा माझा व्यवसाय. वार्षिक देखभालीचे करार, ज्यांना आपण सगळे एएमसी म्हणतो, ते रोज हाताखालून जातात. त्यांतली एक उणीव आपल्यासमोर जाहीरपणे मांडतो आहे, कारण ती राज्याच्या नेटवर्कलाही लागू पडते.

मोठ्या नेटवर्कमध्ये देखरेखीचे एक सॉफ्टवेअर असते. कुठला स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे यंत्र) बंद पडला, कुठली लाइन तुंबली, ही खबर तिथे येते. त्यासाठी त्याला प्रत्येक यंत्राचा पत्ता आणि पुष्कळदा पासवर्डही ठाऊक असावा लागतो. त्यातून माहिती बाहेर झिरपते असा दोष सापडला, की बऱ्याचदा त्याला ‘मध्यम’ असा शेरा मिळतो. काही मोडले नाही, काही बंद पडले नाही, मग दुरुस्ती मागे पडते. या हिशेबालाच माझा आक्षेप आहे.

एका खासगी संस्थेत, त्यांच्या परवानगीने, पाहुण्यांच्या वायफायवरून मी मुख्य स्विचला विचारणा केली. एसएनएमपी हा यंत्रांची विचारपूस करण्याचा प्रोटोकॉल १९८८ पासूनचा. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ‘पब्लिक’ एवढा शब्द पासवर्डचे काम करतो. पुष्कळ यंत्रे तो घेऊनच कारखान्यातून येतात आणि पुढे तो बदलायचे कुणाला सुचत नाही. उत्तर भराभर पडद्यावर उतरले. स्विचचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ‘दुसरा मजला, अकाउंट्सच्या मागे’ असा ठिकाणा, यंत्र बसवणाऱ्या माणसाचे नाव आणि मोबाइल नंबर. मग एकेक पोर्ट, म्हणजे तार जोडायची जागा, आणि तिथे काय जोडले आहे ते: कॅमेरे, सर्व्हर रूम, मुख्य कार्यालयाची लाइन. स्विच वर्षभरात एकदाही बंद-चालू झालेला नाही, हेही त्यात होते; म्हणजे नवे फर्मवेअर, यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, चढलेले नाही. त्या माणसाचे नाव सांगून कुणीही तिथल्या कारकुनाला फोन करावा आणि हवे ते विचारून घ्यावे, इतके सोपे. हे पाहायला काही फोडावे लागले नाही.

देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्येच दोष निघाला तर काय होते, ते २०२४ मध्ये जगाने पाहिले. व्हॉट्सअप गोल्ड नावाच्या अशा सॉफ्टवेअरमधून (निरोपांच्या व्हॉट्सॲपशी याचा संबंध नाही), लॉगिन न करताही, वापरकर्त्याचा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवलेला, पासवर्ड काढता येत होता. कंपनीने ऑगस्टच्या मध्यात दुरुस्ती दिली. ३० ऑगस्टला हल्ल्याची रीत जाहीर झाली आणि काही तासांत खरे हल्ले सुरू झाले. ज्यांनी मधल्या दोन आठवड्यांत दुरुस्ती चढवली नव्हती, ते उघडे पडले. आपल्याकडच्या करारात त्या दोन आठवड्यांची जबाबदारी कुणाची असते?

मी पाहिलेल्या करारांत कुणाचीच नाही. बिघाड किती तासांत काढायचा, न काढल्यास दंड किती, हे बारकाईने लिहिलेले असते. सुरक्षेची दुरुस्ती किती दिवसांत चढवायची, याची एक ओळही नसते. कंत्राटदार काम चालू ठेवतो, बिल काढतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने सरकारी कार्यालये पंचायतींपर्यंत जोडली. आज जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढणारा सत्तरी तालुक्यातला शेतकरीही या तारांवर अवलंबून आहे. जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याच्या पूर देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली, तीही पाऊस सुरू झाल्यावर. असल्या यंत्रणा ज्या नेटवर्कवर चालतात, त्याचा नकाशा चोराच्या हाती सहज लागता कामा नये.

म्हणून मागणी एवढीच आहे. राज्याच्या प्रत्येक नेटवर्क कंत्राटात आणि एएमसीत सुरक्षेचे कलम असावे. गंभीर दोषाची दुरुस्ती सात दिवसांत चढली पाहिजे, नाहीतर बिघाडाइतकाच दंड. देखरेखीच्या सॉफ्टवेअरची पाने बाहेरच्या इंटरनेटवरून उघडता कामा नयेत. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती, जिच्यात ओळख पटवणे आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे, २००२ पासून प्रमाणित आहे. जे यंत्र ती चालवू शकते, त्यावर जुनी बंद करावी. यंत्र ताब्यात घेतानाच कारखान्याचा पासवर्ड बदलल्याची नोंद व्हावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: कंत्राटदार बदलला की त्या दिवशी सगळे पासवर्ड बदलावेत. जुन्या कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर अख्ख्या नेटवर्कच्या कॉन्फिगरेशन फाइली राहतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

आणखी एक. सरकारी नेटवर्कची अशी तपासणी मी केलेली नाही आणि परवानगीशिवाय करणारही नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेत विनापरवाना शिरण्याविषयीची माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ आडवी येतात. पण सहज नजरेस पडलेला दोष कळवायलाही माणूस घाबरतो. २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, पण उघडे राहिलेले दार ही अजून घटना नसते. प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्यावर खाते कारवाई करणार नाही, असे लेखी धोरण आणि कळवायला एक ईमेल पत्ता आपल्या खात्याने जाहीर करावा.

पुढच्या एएमसीची निविदा काढण्यापूर्वी या कलमाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला करावा, ही विनंती. तो ओळीओळीने तपासून द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
फोंड्यातील एक नेटवर्क इंजिनियर