सगळं हॉर्सपॉवरवरच मोजणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं स्पोर्ट्स कार आणि फायटर जेटवालं पान वाचलं, एकदम मस्त विषय, मराठी पेपरात असलं काही येतं म्हणून आधीच खूश झालो होतो. पण ते कोष्टक बघितलं आणि डोकं फिरलं. हॉर्सपॉवर आहे, टॉप स्पीड आहे, किंमत आहे, विमान किती माखने (म्हणजे आवाजाच्या किती पट वेगाने) जातं ते आहे, आणि वजन? वजन कुठेच नाही! म्हणजे वरात निघाली आणि नवरदेव घरीच.

माझं स्पष्ट मत आहे की गाडी असो की विमान, आधी वजन विचारावं, बाकीचं नंतर. सरळ रस्त्यावर दामटायला काय, इंजिन मोठं टाकलं की झालं. खरी परीक्षा वळणावर आणि ब्रेकवर. वजन दुप्पट झालं की त्याच स्पीडला त्याच वळणावर टायरला दुप्पट जोर लावावा लागतो आणि थांबवताना ब्रेकमध्ये दुप्पट उष्णता तयार होते, हे शाळेतलंच फिजिक्स आहे. ताम्हिणी उतरताना जड गाडीच्या ब्रेकचा जळका वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आता १९९६ ची लोटस एलिस ही छोटी इंग्लिश स्पोर्ट्स कार घ्या. इंजिन रोव्हरचं साधं १.८ लिटरचं, पॉवर १२० हॉर्सपॉवरच्याही आत, आज हा आकडा ऐकून कॉलेजची पोरं हसतील. पण गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास! अॅल्युमिनियमचे पोकळ तुकडे वेल्डिंग न करता चक्क गोंदाने, म्हणजे इपॉक्सीने चिकटवून सांगाडा केलेला. याउलट २०२४ ची नवीन बीएमडब्ल्यू एम५ बघा, हायब्रिड, ७०० च्या वर हॉर्सपॉवर आणि वजन २४०० किलोच्या पुढे. मान्य आहे की ती चार दारांची फॅमिली गाडी आहे, बॅटरी आहे, एअरबॅग आहेत, सेफ्टीचे नियम आहेत, सगळं मान्य. पण तीन एलिस बसतील हो त्या वजनात, आणि वर थोडं उरेल. माझदा एमएक्स-५ वाल्यांनी १९८९ पासून चार पिढ्या काढल्या आणि गाडी अजून टनाच्या आसपास ठेवली, म्हणजे मनात आणलं तर जमतं. आपल्याकडे ती विकत नाहीत हे आपलं नशीब.

आणि विमानांच्या यादीत तुम्ही नॅट घेतलंच नाही, याचा जास्त राग आला. टेडी पेटर नावाचा इंग्लिश डिझायनर, कॅनबेरा बॉम्बरवाला, फायटर विमानं उगाच जड आणि महाग होत चाललीत म्हणून वैतागला आणि त्याने हे पिटुकलं विमान काढलं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटर, भरलेलं वजन चार टनांच्या आसपास, पाकिस्तानकडचं सेबर फायटर त्याच्या जवळपास दुप्पट जड. वजन कुठे वाचवलं बघा, एअरब्रेकची वेगळी भानगडच ठेवली नाही, चाकं अर्धवट खाली सोडायची, चाकांची दारं हवेत आडवी येतात, झाला ब्रेक! असली अक्कल मला हजार हॉर्सपॉवरपेक्षा भारी वाटते. ब्रिटिशांनी स्वतः ते फायटर म्हणून घेतलं नाही, ट्रेनर म्हणून वापरलं, आपण मात्र घेतलं आणि बंगळुरूला एचएएलमध्ये बनवलंसुद्धा. १९६५ च्या युद्धात वैमानिक कीलर बंधू, ट्रेव्हर आणि डेन्झिल, दोघांनाही नॅटवरच वीरचक्र. १९७१ ला श्रीनगरवर हल्ला चालू असताना निर्मलजीत सिंग सेखों उडाले ते नॅटमधूनच, हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. नॅटमध्ये दोष नव्हते असं नाही, कंट्रोलचा त्रास होता, ऐन वेळी तोफा अडकायच्या, लांब जायचं तर इंधन पुरायचं नाही. पण आकाराने लहान म्हणून समोरच्याला दिसायचंच उशिरा, आणि डोळ्याने बघून लढायचे ते दिवस.

कोणी म्हणेल आता मिसाइलचा जमाना आहे, मोठा रडार लागतो, इंधन लागतं, मग वजन येणारच. बरोबर आहे. आम्ही लोहगावच्या शेजारी राहतो, डोक्यावरून सुखोई गेलं की फोनवर बोलणं थांबवावंच लागतं, आणि ३८ टनांचं ते धूड ज्या पद्धतीने हवेत वळतं ते बघून मी पण तोंड उघडं टाकून उभा राहतो. पण तेजसचं मला वाईट वाटतं. मिग-२१ च्या जागी हलकं फायटर म्हणून काढलेलं, अंगात भरपूर कार्बन कंपोझिट, जास्तीत जास्त वजन साडेतेरा टन, आणि आता मार्क-२ साडेसतरा टनांवर गेलं, इंजिनही मोठं. गरज असेल, हवाई दलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी २०२५ च्या ऑक्टोबरात नाशिकच्या ओझरहून तेजसचं मार्क-१ए उडालं तेव्हा वाटलं की हे लहानच खूप संख्येने बनवावं, आणि पटापट बनवावं.

पुढच्या पुरवणीत नॅटवर पानभर द्याच.

आपला,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

ता. क. : मिग-२१ म्हणून छापलेला फोटो मिराज-२००० चा आहे. मिग-२१ ला पंखांच्या मागे शेपटीजवळ आडवी छोटी पाती असतात, तुमच्या फोटोत ती नाहीत.