चौथे प्रकरण आणि मुलांचे प्रश्न

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद.

शाळेतली मुले शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात त्या ऑनलाइन संवादसत्रांचे संयोजन पुढच्या वर्षी तूच पाहणार आहेस, हे तू परवा फोनवर सांगितलेस तेव्हा मी लगेच तुझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचे विचारले आणि तू "आई, ठेवते" म्हणालीस. फोनवर आपले नेहमी असेच होते, म्हणून लिहायला बसले. प्रबंधाचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवले आहे.

मागच्या सत्रातली प्रश्नोत्तरे तू मुलांची नावे वगळून पाठवली होतीस, ती मी सावकाश वाचली. पगार किती मिळतो, चष्मा आहे का, वटवाघूळ कधी चावले का, अशा प्रश्नांनी सुरुवात झाली, ते ठीकच आहे. माणूस कसा आहे याची चाचपणी झाल्याशिवाय मुले खरे प्रश्न बाहेर काढत नाहीत. मग एकाने विचारले की वटवाघूळ एवढ्या मोठ्याने ओरडते तर त्याच्या स्वतःच्याच कानठळ्या कशा बसत नाहीत. ओरडण्याच्या ऐन आधी मध्यकर्णातला इवलासा स्नायू आखडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंत पुन्हा सैल पडतो, हे तू चार ओळींत लिहिलेस. इतकी वर्षे शिकवूनही मला ते एवढ्या थोडक्यात सांगता आले नसते. त्यावर दुसरीने विचारले की शेकडो वटवाघळे एकदम ओरडत असतील तर आपला प्रतिध्वनी कोणता हे त्यांना कसे कळते. काही जाती अशा वेळी आपला स्वर थोडा वरखाली करतात, एवढे सांगून तू पुढे लिहिलेस, "मी नेमके यावरच काम करते आहे आणि मलाही ते अजून पूर्ण कळलेले नाही." हे वाक्य मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. पण हे तेच ना, चौथे प्रकरण?

बघ, आलाच विषय.

मी शिकवत होते तेव्हा एका मुलाने विचारले होते की झोपलेला पक्षी फांदीवरून पडत कसा नाही. मला उत्तर येत नव्हते, म्हणून एका संशोधनसंस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले, चांगले दोन पानी आणि अतिशय आस्थेने लिहिलेले; पण ते येईपर्यंत वर्ष संपले होते आणि तो मुलगा शाळा सोडून गेला होता. मी ते नव्या वर्गात वाचून दाखवले. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले, कारण तो प्रश्न त्यांचा नव्हता. माहिती पुस्तकातही मिळते. प्रश्न ताजा असतानाच तो ज्याला विचारावा त्याच्यापर्यंत पोहोचणे, ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तुमच्या सत्रांत ती घडते. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या ग्रिफिनची हकिगत तूच मला सांगितली होतीस. वटवाघळाला अंधारात वाट काढायला कान लागतात एवढे अठराव्या शतकाच्या अखेरीसच स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसले होते, पण ते ऐकते काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1938 साली विद्यार्थीदशेतला ग्रिफिन आपली वटवाघळे घेऊन पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला, कारण माणसाच्या कानापलीकडचा आवाज टिपणारे उपकरण पिअर्सकडे होते. तिथे दार उघडे नसते तर?

मुलांच्या चित्रांचेही मी वाचले. 1966 ते 1977 या काळात 4,807 मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांतल्या फक्त 28 चित्रांत स्त्री होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. तेव्हापासून फरक पडला आहे, पण अजून पुरेसा नाही. तुझ्याशी बोललेली ती मुलगी उद्या असे चित्र काढायला बसली तर काय काढेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे हे काम सोड असे मी म्हणत नाही.

झोपेचे मात्र बोलणारच. रात्रभर ध्वनिमुद्रण आणि सकाळी शाळेच्या वेळेला सत्र, हे किती दिवस चालेल? सारा मॅकअनल्टी या म्हाकूळ अभ्यासणाऱ्या बाईंनी पीएच.डी. करता करताच 2017 साली 'स्काइप अ सायंटिस्ट' हा वर्गांना शास्त्रज्ञांशी ऑनलाइन जोडून देणारा उपक्रम सुरू केला, हे तू मला सुनावून झाले आहेस. त्यांच्या आईला काय वाटत होते तेही कोणीतरी विचारायला हवे होते. अंतराळ स्थानकातले अंतराळवीर हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांवरून, शाळांशी बोलतात, ते जेमतेम दहा मिनिटे, कारण तेवढ्यात स्थानक क्षितिजाआड जाते. मुले रांगेत उभी राहतात, नेमके विचारतात, "ओव्हर" म्हणतात, आणि वेळ संपल्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. तुझे काही क्षितिजाआड जात नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या सत्राचा दीड तास होतो. वेळ आधीच जाहीर कर आणि पाळ. उरलेले प्रश्न शिक्षकांकडे लेखी मागव. नियंत्रक आणि वर्गशिक्षक हजर नसतील तर सत्र सुरूच करू नकोस, आणि कोणत्याही मुलाच्या खासगी संदेशाला उत्तर देऊ नकोस, मग तो कितीही हुशार आणि एकटा वाटो; उत्तर द्यायचेच असेल तर ते शिक्षकांमार्फत जाऊ दे. हा नियम तुमच्याकडे आहेच, तरी सांगते. नव्याने येणाऱ्या शास्त्रज्ञांना, तिसऱ्या वाक्यात पारिभाषिक शब्द आला की मुले हातातून जातात, हेही सांग.

वर्ग घ्यायला लागले की मी, माफ कर. हे सगळे तुला माझ्यापेक्षा चांगले कळते. माझी भीती वेगळीच आहे. हे तास कोणी मोजत नाही. निवड समितीपुढे बसशील तेव्हा किती मुलांना प्रश्न विचारता आले हे कोणी विचारणार नाही, प्रबंध कुठे आहे हेच विचारतील, आणि तू तेव्हाही मान वर करून खरे तेच सांगशील. दादाच्या वेळी काय झाले ते आपण दोघींनी पाहिले आहे. तुझे बाबा म्हणतात की मुक्ता दादा नाही. तेही मला पटते, पण रात्री पटत नाही.

आता मुख्य काम, जे लिहायला मला जरा संकोच वाटतो आहे. माझ्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी तुझी ती प्रश्नोत्तरे दाखवली आणि त्यांना आठवीच्या वर्गासाठी एक सत्र हवे आहे. मुलांकडून आधी प्रश्न लिहून घेते, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की घ्या, पण चाळू नका, वेडेवाकडे असतील तेही तसेच राहू द्या. वर्गात मीही मागच्या बाकावर बसेन आणि तोंड उघडणार नाही. तारीख मात्र चौथे प्रकरण मार्गदर्शकांच्या हाती दिल्यानंतरचीच दे, त्याआधीची दिलीस तर मीच त्यांना नाही म्हणून कळवीन.

तुझी,
आई