साहेब, माझं बोट गेलं. तुमची बोट कुठंय?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या गावाला बोट मिळाली. हार, नारळ, फोटो, सगळं यथासांग झालं. आपण येऊ शकला नाहीत, पण फलकावर होतात, बोटीपेक्षा मोठे. त्याबद्दल आभार. आभार इथं संपले.

महापूर ओसरल्यावर पारावर उभं राहून आपण शब्द दिला होता, ‘खाली पंखा नसलेली, गल्लीत चालणारी बोट देतो.’ टाळ्या मीही वाजवल्या, एका हाताला पट्टी असताना वाजतात तेवढ्या. रविवारी ताडपत्री काढली तर मागं तोच पंखा. त्यातही यंत्र 20 इंची दांड्याचं आणि बोटीची मागची फळी 15 इंचांची, म्हणजे पंखा आणखी पाच इंच खाली. मागितली गल्लीसाठी, आली विहिरीसाठी.

ती पट्टी कसली, हे आपण तेव्हा विचारलं नव्हतं. जुलै 2021. खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, उंबऱ्यावर शेजारची आजी, मांडीवर गाठोडं. आमच्या बोटीच्या पंख्याला ठिबकची नळी आणि उसाचा पाला असा आवळून बसला की यंत्र घुसमटून बंद. मी पाण्यात उतरून विळ्यानं कापत होतो. वर कुणीतरी घाबरून दोरी ओढली, आणि गिअर तसाच पडलेला होता. उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली. मला दिलेल्या नुकसानीच्या अर्जात जनावरांचा रकाना होता, भिंतीचा होता, करंगळीचा नव्हता. बोटीपायी बोट गेलं म्हणून गाव हसतं. मीही हसतो. म्हशीची धार काढताना मात्र हसू येत नाही.

आम्ही मागितलं होतं ते काही विमान नव्हतं. त्याच यंत्राचा पंख्याचा खालचा भाग काढून तिथं जेट पंप बसवतात. तो बोटीच्या बुडाशी जाळीतून पाणी ओढतो आणि मागं फेकतो. बुडाखाली फिरणारं पातं नाही. कुंपणाची तार, बुडालेली मोटारसायकल, माणसाचा पाय, कशाशी गाठ नाही. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टननं उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी 1950 च्या दशकात जेट बोटी बनवल्या. त्याचं यंत्र बोटीच्या आत असे, पण तत्त्व हेच. 1960 साली त्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडोच्या उलट्या धारेला चढल्या. आमची मारुतीची गल्ली त्याहून अवघड आहे काय?

दोष मलाही ठाऊक आहेत, उगाच अधिकारी पाठवून शिकवू नका. ताकद तीसेक टक्के घटते, 40 अश्वशक्तीचं यंत्र 28 ला येतं. पेट्रोल जास्त जातं. मागं घेताना जोर नसतो आणि वेग सोडला की बोट वळत नाही. केंदाळ आलं की जाळी तुंबते, वाळूनं आतलं चक्र झिजतं. म्हणून नदीच्या धारेत पंखाच हवा, तो ठेवा. पण अडकतात ती माणसं धारेत नसतात साहेब, ती गल्लीत असतात. म्हातारी, बाळंतीण, आणि गोठा सोडायला तयार नसलेला एखादा आमच्यासारखा.

विचारलं तर उत्तर आलं, कागदावर ‘बोट, एक नग’ एवढंच आहे. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं गेली, त्यानंतरही आपल्याकडे बोट म्हणजे नगच! सांगलीच्या इर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आमची पोरं पाढ्यासारखं म्हणतात. तुम्ही मात्र पाणी चढलं की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवता. धरण 519.60 मीटरवरून 524.256 वर नेऊ नका म्हणून भांडा, जरूर भांडा, मी मोर्चात येतो. पण पूररेषेच्या आत उठलेली मंगल कार्यालयं काय कर्नाटकानं बांधली? फीत कापायला कोण आलं होतं? त्या एका जेवणावळीच्या पैशात, माझ्या अंदाजानं, दोन पंप आले असते. अंदाज चुकला असेल तर हिशेब जाहीर करा.

बोट सध्या ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली आहे, कोंबड्या बसतात. ‘सुस्थितीत मिळाली’ असा कागद सहीसाठी आलाय, कारण पूरपथकात पहिलं नाव माझं. मी सही केलेली नाही. जेट पंप घेऊन माणूस पाठवा, सोबत जाळी साफ करायचा आकडा, एक जादा चक्र आणि शिकवायला कुणीतरी, तेही पावसाआधी. मग करतो सही. पेन जरा तिरकं धरावं लागतं, वेळ लागेल.

आपला,
कृष्णाकाठचा एक मतदार