गरम इंजिन दाखवून विकले, माझे मात्र न तपासताच घेतले

दिनांक: 12 डिसेंबर 2024

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
डिझेल इंजिन विभाग

विषय: अदलाबदल योजनेत मिळालेले वापरलेले 5 एचपी इंजिन सदोष असल्याबाबत तक्रार.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला शेतकरी. 18 नोव्हेंबरला तुमच्या विक्रेत्याकडे माझे जुने इंजिन जमा केले, वर 14,500 रुपये रोख भरले आणि ‘कंपनीने तपासलेले’ असा शिक्का असलेले इंजिन घरी आणले. माझ्या इंजिनाचे 4,000 रुपये धरले. पावतीची प्रत सोबत आहे.

त्या दिवशी दुकानात इंजिन एका झटक्यात सुरू झाले. हेडला सहज हात लावला तर चटका बसला. आम्ही पोचण्याआधीच ते चालवून ठेवले होते. मी विचारले तेव्हा ‘टेस्टिंग सुरू होती’ असे उत्तर मिळाले आणि मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाल्यावर बसवले. शेतीच्या लाईनचे काही खरे नसते, रात्री कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून हरभऱ्याच्या ओलितासाठी इंजिनच लागते. मी आणि माझा मुलगा आळीपाळीने हँडल मारून थकलो. पाऊण तासाने सुरू झाले तेव्हा पांढरा धूर, नंतर निळा, आणि ब्रीदरमधून (खालच्या ऑईलच्या चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फसफस वाफ. पुढे रोज सकाळी हेच. दुपारी मात्र, एकदा तापले की, बिनतक्रार चालायचे.

गावच्या मिस्त्रीने कारण समजावून सांगितले. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती) झिजले की दाब गळतो, आणि थंड इंजिनात ती उष्णता तयारच होत नाही. इंजिन तापलेले असले की तेच दुखणे झाकले जाते. तो म्हणाला, “दादा, हे इंजिन तुम्हाले गरम करून देल्लं.”

त्याने माझ्यासमोर तपासले. डिकॉम्प्रेशनचा (हँडल हलके फिरावे म्हणून दाब सोडणारा) खटका खाली पाडून, म्हणजे दाब धरू देऊन, हँडल हळू फिरवले. चांगले इंजिन दाबावर आले की हँडल हाताला उलट ढकलते. हे तर ‘फुस्स’ करून पुढे निघून गेले. सायलेन्सरला कान लावला, एअर क्लीनरला लावला, तिथे आवाज नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. आवाज ब्रीदरमधून येत होता, म्हणजे हवा रिंगांवरून खाली चेंबरमध्ये जात होती. मग डिझेल फवारणारे नोझल काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला. हाताने फिरवून तीनदा आकडा घेतला: 14, 15, 14. सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑईल सोडून पुन्हा घेतला, तर 21. तुमच्या कारखान्याच्या पुस्तकात आकडा काय असावा ते तुम्ही पाहा. माझा मुद्दा ऑईल टाकल्यावर वाढलेल्या सातचा आहे. ऑईलने रिंगांची फट बुजली म्हणूनच तो वाढला.

हेड उघडल्यावर शंकाच राहिली नाही. लायनरच्या वरच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी पडली आहे, खाली उभे ओरखडे आहेत. वरची रिंग लायनरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली तर दीड मिलिमीटर निघाली. चेंबरमधले ऑईल गिअर ऑईलसारखे घट्ट, बोटाला तार धरणारे. आवाज आणि धूर दबावा म्हणून ते मुद्दाम भरले, असा माझा स्पष्ट संशय आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

‘तुमच्याकडेच झिजले’ असे आधीच सांगू नका. इंजिन माझ्याकडे जेमतेम तीस तास चालले, धूळ अडवणारे एअर क्लीनरमधले ऑईल बरोबर पातळीवर होते, आणि तीस तासांत लायनरला पायरी पडत नाही.

मला त्याहून जास्त लागली ती दुसरी गोष्ट. माझे इंजिन तुमच्या माणसाने हँडलला हातही न लावता, रंग उडालेला पाहून 4,000 ला घेतले. बाबांनी ते वीस वर्षे जपले होते आणि दोनच वर्षांपूर्वी मी त्यात नवे लायनर-पिस्टन टाकले होते. पहाटे दुसऱ्या झटक्याला ते सुरू व्हायचे. तेव्हा दोन्ही इंजिने थंड असताना शेजारी ठेवून गेज लावला असता तर अदलाबदल मी केलीच नसती.

या भानगडीत हरभऱ्याचे फुलोऱ्याआधीचे पाणी नऊ दिवस लांबले. शेवटी धुऱ्यापलीकडच्या काकांनी त्यांचे इंजिन दिले.

माझी मागणी अशी. माझे जुने इंजिन अजून विकले नसेल तर ते आणि 14,500 रुपये परत करा. विकले असेल तर या इंजिनात नवा लायनर-पिस्टन संच तुमच्या खर्चाने, तुमच्या माणसाकडून, माझ्या वावरात बसवून द्या आणि माझ्या इंजिनाची योग्य किंमत पुन्हा ठरवा. शिवाय यापुढे या योजनेत दोन्ही इंजिनांचा थंड अवस्थेतला दाब ग्राहकासमोर मोजून पावतीवर लिहा. दारव्ह्यातल्या दुकानात गेज टांगलेला मी स्वतः पाहिला आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. इंजिन उघडलेल्या अवस्थेत झाकून ठेवले आहे. तुमचा माणूस कधीही येऊन पाहू शकतो. फक्त सकाळी या, ते थंड असताना.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: पावतीची प्रत, लायनर व रिंगेचे फोटो, मिस्त्रीने लिहून दिलेले गेजचे आकडे.