वर्णन जास्त नाही, खंड अपुरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बहुखंडी अद्भुत (फॅन्टसी) कादंबऱ्यांविषयी वाचकांची मतं वाचली. सूर साधारण एकच होता: वर्णनच फार, गोष्ट पुढं सरकत नाही. दोघांनी तर रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ची ‘कपड्यांची यादी’ म्हणून बोळवण केली. ही मालिका रेंगाळते हे खरं आहे. पण कुठल्या खंडात आणि कशामुळे, हे सांगितल्याशिवाय त्या तक्रारीला अर्थ नाही.

पहिला खंड १९९० चा, चौदावा २०१३ चा, शिवाय २००४ मध्ये आलेला पूर्वकथेचा एक. सगळे मिळून सुमारे ४४ लाख शब्द. जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. एवढ्या पसाऱ्याला एक मत पुरत नाही. पहिल्या खंडात पुस्तक मिटणाऱ्याची अडचण वेगळी, दहाव्यात मिटणाऱ्याची वेगळी.

पहिल्या खंडात ५३ प्रकरणं आहेत आणि मुख्य मंडळी गाव सोडतात ती दहाव्या प्रकरणात. तोवर सणाची तयारी, खानावळीतल्या गप्पा, फेरीवाल्याची गाडी, थंडी लांबल्याची कुरकुर. इथंच निम्मे वाचक गळतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग झाल्याशिवाय आख्यान लागत नाही, हे आपल्याकडच्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. कादंबरी हाती आली की मात्र तोच श्रोता उतावीळ होतो. त्या फेरीवाल्यावर लक्ष ठेवा, एवढंच सांगतो.

आता कपडे. या जगात कपडा हा ओळखपत्रासारखा आहे. एका राज्यात सरदाराच्या छातीवरच्या आडव्या रंगीत पट्ट्या मोजल्या की त्याचा दर्जा कळतो. जादू जाणणाऱ्या स्त्रियांचे सात गट आहेत आणि शालीच्या झालरीच्या रंगावरून गट ओळखायचा. मग कुठल्याशा खोलीत एखादी बाई शाल न घेता येते, किंवा एखाद्याच्या अंगावर त्याला न शोभणारा कोट दिसतो, तेव्हा संवाद सुरू होण्याआधीच वाचकाला पाणी मुरतंय हे समजतं. पैठणीचा काठ आणि पदर बघून घराचा अंदाज बांधणाऱ्या मुलुखात ही रीत परकी वाटायचं कारण नाही.

बिघडतं कुठं? तीच खूण दहाव्यांदा दाखवली जाते तिथं. चिडून वेणी ओढणं, घागऱ्याची चूण सारखी करणं, छातीवर हात बांधून उभं राहणं: पहिल्या दोन खंडांत हे स्वभावचित्र असतं, आठव्या खंडापर्यंत ती सवय लेखकाची होते. त्यात आठ ते दहा या खंडांत पात्रं इतकी पांगतात की एकेकाची हालहवाल सांगण्यातच पानं जातात. २००३ चा दहावा खंड सगळ्यांत बदनाम आहे. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्याचा मोठा भाग ती घटना घडत असताना इतर लोक कुठं होते आणि त्यांना काय जाणवलं, यातच खर्ची पडतो. म्हणजे तिथं घड्याळच थांबलेलं असतं. वर्णन निम्मं केलं असतं तरी ते पुढं सरकलं नसतं. अकराव्यात वेग परत येतो. वर्णन तेव्हाही भरपूर आहे, पण त्याची तक्रार कुणी फारशी करत नाही.

जागेचं वर्णन तपासायची कसोटी आपल्याकडं दगडात उभी आहे. देवगिरीला खंदक, अरुंद पूल, मग अंधारी, मग पायऱ्या, अशाच क्रमानं जावं लागतं. अंधारीत भिंत चाचपत वळताना शत्रूचं काय होत असेल हे वाटाड्यानं न सांगताही उमगतं. हाच किल्ला वरच्या बारादरीपासून खाली सांगत आणला तर माहिती तीच राहील, धाक मात्र जाईल. चांगल्या अद्भुत कादंबरीत जागा पात्राच्या पायाच्या वेगानं उलगडते आणि पुढं तिचा उपयोग होतो. खंदक दाखवला तर कधीतरी त्यात कुणीतरी पडलं पाहिजे.

टॉल्किन यांनी तर आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली. त्यांच्या १९५४-५५ च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्रिखंडी कादंबरीत वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या मंडळींना एकाच तारखेला एकाच कलेचा चंद्र दिसावा म्हणून त्यांनी चंद्रकला आणि रोजची मजल ताडून घेतली होती. अशा पुस्तकातलं चांदणं गाळून वाचलं तर कोण कुठल्या दिवशी कुठं आहे याचा धागाच सुटतो.

लांबीची तक्रार निदान मराठवाड्यानं तरी करू नये. दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो आणि त्यांची पासोडी, म्हणजे लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ, अंबाजोगाईचीच. पैठणच्या गुणाढ्याची कथा तर प्रसिद्धच आहे: सात लाख श्लोकांची बृहत्कथा ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत आहे म्हणून सातवाहन राजानं झिडकारली, तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत गेला. ती ऐकताना जनावरं चरायचं विसरली, राजाच्या ताटातलं मांस कोरडं पडलं, आणि चौकशी होईतो एकच लाख श्लोक उरले होते. न वाचताच दिलेला अभिप्राय किती महागात पडतो, त्याचा हा जुना दाखला. त्या उरलेल्या कथांचा काश्मिरी सोमदेवानं अकराव्या शतकात केलेला संस्कृत अवतार, ‘कथासरित्सागर’, तोसुद्धा १२४ तरंगांचा आहे.

ज्यांना खरोखर वाचायचं आहे त्यांनी थोडी तयारी करावी. खंडाच्या शेवटचा शब्दकोश आधी चाळू नये, त्यात पुढचं फुटतं. नाव अडलं की तेवढीच नोंद पाहावी. दोनशे पानी वहीत चार रकाने पाडावेत: नाव, गाव, कुणाच्या बाजूचा, कितव्या पानावर भेटला. प्रत्येक नाव लिहायला बसलात तर आठवड्यात वही संपेल. तिसऱ्यांदा भेटेल त्याचीच नोंद करावी. रोज ४० पानं धरली तर आठशे पानांचा खंड वीस दिवसांत होतो. दोन खंडांमध्ये दोन महिन्यांहून जास्त खंड पडू देऊ नये, नाहीतर वही असूनही गाडी रुळावर येत नाही. दहाव्यात प्रकरणाची पहिली दोन आणि शेवटची दोन पानं नीट वाचून मधले संवाद तेवढे वाचले तरी चालतं. नववा मात्र गाळू नये. आणि पूर्वकथेचा खंड नावाला भुलून आधी घेऊ नये. तो दहाव्यानंतर आला आणि तिथंच वाचावा, कारण त्यातल्या माणसांची ओळख आधी झालेली असेल तरच त्यात मजा आहे.

यापुढची गोष्ट वाचकाच्या हातात नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या अ, ब, क, ड वर्गांच्या वाचनालयांत ग्रंथखरेदी वर्षावर्षानं होते, आणि बहुखंडी मालिका तिथंच मोडते. या वर्षी पहिला आणि तिसरा, पुढच्या वर्षी कुणाच्या ध्यानातच नाही. प्रत्येक खंडाला स्वतंत्र दाखल क्रमांक असल्यानं दुसरा हरवला तर नोंदवहीत एक पुस्तक कमी होतं, कपाटात मात्र अख्खा संच निकामी होतो. अनुवादित खंडांची आणखी एक गंमत: विषयवार वर्गांकात एक ८२३ खाली इंग्रजी कादंबरीत, दुसरा ८९१.४६३ खाली मराठीत. घ्यायचा तर पूर्ण संच घ्यावा, पहिल्या खंडाच्या दोन प्रती घ्याव्यात, कण्यावर खंड क्रमांक ठळक लिहावा आणि जाड खंडाला पंधरा दिवसांऐवजी महिन्याची मुदत द्यावी. अनुदान कमी असेल तर चौदा खंडांच्या वाटेला न जाता तीन खंडांची मालिका घ्यावी.

अनुवादकांना एकच विनंती. मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं ‘जो-तो’च्या साखळीत बांधलं की वर्णन दुप्पट जड होतं, क्रियापदाची वाट बघून वाचक दमतो. तिथं वाक्य तोडावं. आणि ओकचा वड करू नये. वड म्हटलं की पारंब्या आणि पार डोळ्यांपुढं येतात, आणि सगळं रान बदलून जातं. नावांचं काय करायचं याबद्दल टॉल्किन यांनी अनुवादकांसाठी टिपण करून ठेवलं होतं: ज्यांचा अर्थ इंग्रजीत लागतो ती आपल्या भाषेत आणा, बाकीची तशीच ठेवा. हा नियम मराठीला चपखल बसतो.

शेवटी बांधणीबद्दल. हे जाड खंड नुसत्या डिंकावर चिकटवलेले असतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो डिंक सुकून कणा मधोमध तडकतो आणि पानं सुटतात. सुटी पानं असल्यानं घड्यांमधून घालायची जुजबंदी शिलाई होत नाही, बाइंडर कडेनं टोचून शिवतो आणि आतला अर्धा इंच समास खातो. दोन पानांवर पसरलेला नकाशा असेल तर मधलं अख्खं राज्य शिलाईत जातं. म्हणून पुस्तक नवं असतानाच नकाशाची झेरॉक्स काढून जाड कागदावर चिकटवावी आणि तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवावी.

आपला,
एक वाचक, परभणी