मामांचा स्वेटर

संपादक महोदय,

खेळाच्या वारशाची चर्चा आपल्याकडे बहुधा बाप-लेकापाशीच थांबते. सुनील गावसकरांना मात्र तो आजोळाकडून लाभला. त्यांचे मामा माधव मंत्री भारताकडून ४ कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. लहानग्या भाच्याने त्यांचा भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा तो स्वतः कमवावा लागतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आई मीनल घरात टेनिसचा चेंडू टाकत, आणि लेकाच्या एका फटक्याने त्यांचे नाकही फुटले होते (धावफलकात याची नोंद कुठली!). पुढे रोहन गावसकर ११ एकदिवसीय सामने खेळले. त्यांना वडिलांच्या १०,१२२ कसोटी धावांनी मोजणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या क्रीडापानावर खेळाडूंच्या आजोळाविषयीही लिहून यावे, ही विनंती.

– एक वाचक, दादर