धरणावरचे बोटिंग संध्याकाळी कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा या धरणांच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात. कोकणच्या सागरी रस्त्यावर सायकलींचे घोळके दिसतात आणि पाठोपाठ कोणी ना कोणी बुडाल्याची बातमी येते. मग काही जण बंदीची मागणी करतात, काही जण 'आजकालच्या पोरांना अक्कल नाही' म्हणून मोकळे होतात. आमच्या मते यातल्या बऱ्याच घटनांचे मूळ सहलीच्या वेळापत्रकात आहे, आणि ते बदलायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

धरणकाठच्या कॅम्पचे नेहमीचे पॅकेज पाहा. दुपारी चारला प्रवेश, चहा-भजी, लगेच बोटिंग, रात्री बार्बेक्यू आणि गाणी, सकाळी पोहे खाऊन अकराच्या आत बाहेर. तंबू रिकामे करून पुन्हा भाड्याने द्यायला हे सोयीचे असेल. पाण्याच्या दृष्टीने मात्र हा कार्यक्रम नेमका उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन तापत जाते तसे दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधीच ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीलगत आडवी पसरते. आरशासारखे शांत पाणी पाच-दहा मिनिटांत खवळते. धरणाचा फुगवटा लांबट असतो, त्यामुळे वारा त्याच्या लांबीच्या दिशेने वाहिला की लाटांना वाढायला मैदान मिळते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तेव्हाही वेळ संध्याकाळची होती आणि वादळी वारा सुटला होता. ती तर गावकऱ्यांची रोजची ये-जा होती, हौसेची सहल नव्हे.

म्हणून कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, सकाळी सहा ते नऊ या वेळात पाण्यात घालावी. तेव्हा वारा पडलेला असतो, ऊन कोवळे असते, आणि पक्षीही तेव्हाच दिसतात (गाण्यांच्या ढणढणाटात दिसायचे कसे?). जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. घरच्या मंडळींनी चालवलेली कयाक ताशी चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त पळत नाही. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला तर ती जवळजवळ जागीच थांबते आणि आडवी झाली की पाणी आत येऊ लागते. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की हौशी माणसाने किनारा गाठावा. गडगडाट ऐकू आला तर फेसाचीही वाट पाहू नये. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंद मोजता आले तर ती साधारण दहा किलोमीटरवर असते. त्याहून कमी मोजले गेले तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. तंबू म्हणजे आडोसा नव्हे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. ते निघण्याआधी घरीच फोनवर घ्यावे, धरणावर रेंज असेलच असे नाही.

लाइफ जॅकेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'जॅकेट घातले होते तरी बुडाला' असे जेव्हा ऐकू येते तेव्हा ते बहुधा अंगावर नीट बसलेले नसते. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा उचल. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत हाताशी असताना वापरायचे. पोहता न येणाऱ्याला किमान १०० चे द्यावे. मोठ्यांचे माप छातीच्या घेरावर ठरते, मुलांचे वजनावर. मुलाला बापाचे जॅकेट घालून पट्टे आवळले की काम झाले असे नाही. पाण्यात पडताच जॅकेट वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. तपासायची रीत सोपी आहे: सगळी बक्कले लावून पट्टे खालून वर क्रमाने ओढावेत, मग दुसऱ्याने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर खेचावे. जॅकेट हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत येत असेल तर ते नाकारावे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. फोम चिमटीत दाबून पाहावा, तो लगेच फुगून वर आला पाहिजे. बसायला गादी म्हणून वापरलेल्या जॅकेटचा फोम चेपून मेलेला असतो, बाहेरून रंग कितीही भडक असला तरी. काखेत मारून बसण्यासाठी किंवा फोटोपुरते घालण्यासाठी जॅकेट नसते.

भाड्याने मिळणारी बहुतेक कयाक वर बसायची, बंद पोटाची असते. तिच्या मागच्या टोकाला पाणी काढायचे बूच असते. ते नसेल किंवा नुसत्या चिंधीने बंद केले असेल तर पोटात हळूहळू पाणी भरते. बाहेरून काही कळत नाही, नाव फक्त जड वाटते आणि डुलू लागते, कारण आतले पाणी कलत्या बाजूला धावते. पाण्यात ढकलण्याआधी नाव एका टोकाने उचलून हलवावी, आत खळखळ ऐकू आली तर दुसरी मागावी. बैठकीतली आरपार भोके मात्र पाणी निघून जाण्यासाठीच असतात, ती पाहून घाबरू नये. दोघांच्या नावेत वजनदार माणूस मागे बसतो, दिशा तोच सांभाळतो. नावेवर वजनाची मर्यादा छापलेली असते. दोन मोठी माणसे, एक मूल आणि वर कूलबॉक्स असा संसार तिच्यावर मांडू नये.

नाव उलटली तर काय करायचे, हे कमरेइतक्या पाण्यात आधी करून पाहावे. पहिली गोष्ट, नाव सोडायची नाही. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत निघालेलाच दमतो. नावेच्या मध्यावर यावे, पालथ्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड पकडावी आणि अंग मागे झोकून ती सुलटी करावी. मग पाय पाण्याच्या पातळीला आणून जोरात मारावेत, पोटावर नावेवर आडवे सरकावे, कुशीवर वळून बूड बैठकीत टेकवावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. दोघे असाल तर एकाने पलीकडून नाव दाबून धरावी आणि दुसऱ्याने चढावे. काठावर राहिलेल्यांनी उडी मारायची नाही. पंधरा मीटर दोर आणि त्याला बांधलेला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन एवढे साहित्य प्रत्येक गटाकडे असावे. तो कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकून दोर त्याच्या हाताशी ओढून आणता येतो. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम चालू ठेवावा. तोवर दुसऱ्याने ११२ किंवा १०८ ला फोन लावावा.

पोहायला उतरणाऱ्यांसाठी मे महिना आणखी फसवा. पाणी खाली गेलेले असते आणि काठ उघडा पडलेला असतो. वरून भेगाळलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो, पाय मांडीपर्यंत जातो. पाण्याखाली झाडांचे खुंट, शेतांचे बांध आणि बुडालेल्या वाड्यांच्या भिंती असतात. उजनीत पळसदेवचे देऊळ आणि पवनेत वाघेश्वराचे देऊळ याच दिवसांत उघडे पडते, त्यावरून तळाशी काय काय असेल याची कल्पना यावी. गुडघाभर पाण्यातून चार पावले पुढे गेले की जुन्या नदीपात्राचा उतार लागतो आणि तळ एकदम नाहीसा होतो. वीजगृहाच्या खालच्या नद्यांचे गणित तर वेगळेच. भिऱ्याला वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते, म्हणजे तिथे नदी चढते आणि उतरते ती माणसाच्या वेळापत्रकाने. अशा पात्रातल्या कोरड्या वाळूवर तंबू ठोकणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

समुद्रावर सकाळच्या नियमाला एक पोटनियम आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पाणी गुळगुळीत असते, कयाक भराभर पुढे जाते आणि परतायला निघाल्यावरच कळते की किती आत आलो. हवा भरलेल्या हलक्या नावा आणि तराफे तर या वाऱ्याने कागदासारखे वाहतात. म्हणून समुद्रात जायचेच असेल तर खाडीच्या आडोशाने, किनाऱ्याला समांतर. अकराच्या सुमारास समुद्राकडून येणारे खारे वारे सुरू झाले की थांबावे.

सायकलचेही घड्याळ तेच. अलिबागहून पहाटे साडेपाचला निघाले तर रेवदंड्याचा पूल, कोर्लई असे करत काशीदचे साधारण तीस किलोमीटर साडेआठपर्यंत आरामात होतात. मुले बरोबर असतील तर तिथेच थांबावे. मुरुड आणखी वीस किलोमीटरवर आहे आणि मध्ये चढउतार आहेत. तिथून पुढे श्रीवर्धनकडे जायचे तर आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जंगलजेटीत (गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीत) सायकल चढवता येते. किनाऱ्यावर तापमानाचा आकडा पाहून फसू नये. हवामान खाते सपाट प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनाऱ्यावर ३७ पासूनच. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग गार होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट प्यावे. दोन तासांपेक्षा जास्त चालवायचे असेल तर एका बाटलीत ओआरएस असावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर तो साधा थकवा नव्हे. सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायलाच हवी असे नाही. ३५ मिलिमीटरच्या टायरला, सामान लादलेले असताना, मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय पुष्कळ झाले. तापलेल्या रस्त्यावर आणि उतारावर सतत दाबलेल्या ब्रेकने रिम तापते, जुन्या पंक्चरच्या पट्टीचा डिंक सैल होतो आणि ट्यूब तिथूनच सुटते. म्हणून बरोबर दोन नव्या ट्यूब घ्याव्यात, ठिगळे लावलेल्या नकोत. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना ब्रेक धरून ठेवू नये, दाबून सोडावा. बाभळीचा काटा टायरमध्येच मोडून राहिलेला असतो, तो न काढता नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा तेच. टायरच्या आतून फडके फिरवावे, काटा फडक्याला अडकतो.

तंबूबद्दल थोडक्यात. जागा उजेडातच पाहावी. झाडाखाली नको, ओढ्याच्या कोरड्या पात्रात नको. मुरमात प्लास्टिकच्या खुंट्या मोडतात, हार्डवेअरच्या दुकानातून आठ मिलिमीटर सळईचे पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्यावेत आणि वरचे टोक तंबूपासून लांब कललेले राहील असे तिरपे ठोकावेत. बाहेरच्या दोऱ्या वारा नसतानाही ताणाव्यात, वादळ आल्यावर ते जमत नाही. बार्बेक्यूची शेगडी थंडीसाठी किंवा डासांसाठी तंबूत नेऊ नये. विझल्यासारखे दिसणारे निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि त्याला वास नसतो. गवत वाळलेले असते, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. सकाळी बूट झटकून घालावेत, विंचवाला ती जागा फार आवडते.

आता मागण्या. कॅम्पवाल्यांनी बोटिंग सकाळी ठेवावे आणि तंबू सोडायची वेळ बारा करावी. त्यांचे एका तासाचे भाडेही बुडत नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे झालेली नोंदणी प्रवेशाजवळ लावलेली असावी आणि ती नसेल तर पर्यटकांनी विचारावे. पाण्याखालचे खुंट आणि भिंती कुठे आहेत हे स्थानिक मासेमारांना तोंडपाठ असते. जलसंपदा विभागाने त्यांना हाताशी धरून दर मे महिन्यात काठावर फलक लावावेत. आणि एक मागणी आपल्याकडेही. आपण हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमान छापता. एप्रिल ते जून या काळात शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारचा दुपारनंतरच्या वाऱ्याचा वेग आणि वादळी पावसाचा इशाराही द्यावा, पुणे, मावळ, मुळशी आणि रायगड किनाऱ्यासाठी वेगवेगळा. दोन ओळींची जागा लागेल.

आपले,
सायकल आणि कयाक घेऊन हिंडणारे काही वाचक, पुणे